सुप्रभात सोसायटीचे पंधरा डॉलर

१९९१च्या जुलैत सरकारने रुपया खाली आणला, त्यात माझा काडीचाही हात नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सुप्रभात सोसायटीत अजूनही दोन-तीन माणसं अशी आहेत, ज्यांना तसा संशय आहे. मी सरकारी नोकर आहे हे खरं. सांख्यिकी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे हेही खरं. पण रुपयाचं काय करायचं हे ठरवताना दिल्लीवाले गोडदेवच्या जीवन पाईकरावला विचारत नाहीत. विचारलं असतं तर मी निदान सव्वीस जानेवारीपर्यंत थांबा म्हणालो असतो.

भानगड सुरू झाली ती एका खोलीवरून. आमची बिल्डिंग भाईंदर पूर्वेला, गोडदेव गावाला लागून. जिथे ती उभी आहे तिथे पूर्वी रामनाथशेठ म्हात्र्यांचं भातशेत होतं. शेत दिलं, त्याच्या बदल्यात त्यांना बिल्डरकडून तीन फ्लॅट मिळाले आणि तळमजल्यावरची एक शटरवाली खोली मिळाली. दहा बाय बाराची. ती पाच वर्षं बंद होती. चावी रामनाथशेठच्या आईच्या, म्हणजे द्वारकाआजींच्या कमरेला असायची, आणि तिथून ती काढायची हिंमत म्हात्र्यांच्या तीन पिढ्यांत कुणाची नव्हती.

ती खोली मला हवी होती. स्वतःसाठी नव्हे हो, अभ्यासिकेसाठी. माझी मुलगी संघप्रिया, घरात आम्ही तिला संघू म्हणतो, त्या वर्षी दहावीला होती. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात आमचे आबा, कोंडिराम पाईकराव, वय वर्षे शहात्तर, मूळ मुक्काम परभणी जिल्हा. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते रेडिओ मोठ्याने लावतात. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला की मला वाटतं मीरा रोडपर्यंतच्या लोकांना कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती होत असावी. संघू बिचारी जिन्यात बसून अभ्यास करायची. आणि जिन्यातून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "काय, अभ्यास चाललाय का?" चोवीस बिऱ्हाडं. दिवसातून दोनदा जाणं, दोनदा येणं. हिशेब तुम्हीच करा. शिवाय बिल्डिंगमध्ये दहावीची अजून सात मुलं होती आणि जिने दोनच.

डिसेंबरात मी रामनाथशेठकडे गेलो. माणूस दिलदार. म्हणाले, "पाईकराव, माझी काय ना नाय. पण आयेला पटवा. आणि लवकर पटवा. तो गावातला बबन व्हिडिओ पार्लरसाठी मागतोय. महिन्याला आठशे भाडं द्यायला तयार हाय."

आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी अभ्यासाचं महत्त्व, विद्या, प्रगती असं सगळं अर्धा तास सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "परगती, परगती. माझं शेत गेलं. त्या जाग्यावर तुमी लोकं आलं. कुनाचं काय भलं झालं, त्ये दाव मना. दावलंस त चावी घे. न्हाय त बबन हाय."

रामनाथशेठ मला बाहेर सोडायला आले. म्हणाले, "तुम्ही तर सरकारी आकडेवाले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला आयेला घेऊन येतो. तेव्हा सगळ्यांसमोर दाखवा."

आता आकडे म्हटल्यावर माझी छाती जरा फुगतेच. बिल्डिंगमध्ये माझ्या नोकरीची किंमत कुणाला नाही. सुरुवातीला तर तळमजल्यावरच्या विमलाबाई मटक्याच्या आकड्याबद्दल हळूच विचारून गेल्या होत्या. बावीस वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेल्या टक्केवाऱ्या तपासतोय. स्वतःची टक्केवारी काढायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

सुदैवाने माझ्याकडे जुनी माहिती होती. नव्वदच्या जानेवारीत वॉचमन ठेवायचा की नाही यावर वाद झाला होता, तेव्हा प्रत्येक घराचं महिन्याचं उत्पन्न आम्ही चिठ्ठ्यांवर घेतलं होतं. नाव लिहायचं नाही, फक्त रक्कम, आणि चिठ्ठी टोपात टाकायची. तेव्हा सरासरी निघाली होती सतराशे रुपये. वॉचमन ठेवला नाही, पण कागद मी जपून ठेवला होता.

पुन्हा तेच टोप घेऊन संघू आणि मी घरोघर फिरलो. पहिल्या फेरीत एका चिठ्ठीवर "देवाची कृपा" असं निघालं, एकीवर "ह्यांना विचारा" आणि एकीवर "मागच्या वेळी सांगितलं होतं". दुसरी फेरी घ्यावी लागली. त्यातही काहींनी कमी सांगितलं असणार आणि काहींनी फुगवून, पण मी पंचशीलेला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, शास्त्र समजावून सांगितलं: टोप तेच, माणसं तीच, तेव्हा खोटेपणाही दोन्ही वेळा सारखाच. तो दोन्हीकडून उडून जातो.

"आणि डाळीचं काय?" ती म्हणाली.

"डाळीचा इथे काय संबंध?"

"काही नाही. महाग झालीय तेवढं सांगितलं."

मी दुर्लक्ष केलं. नवी सरासरी निघाली होती दोन हजार दोनशे दहा. दोन वर्षांत तीस टक्के वाढ! मी त्याच आनंदात थांबलो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं. पण संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे सदूभाऊ तांबे चहाला आले.

सदूभाऊ एका मोठ्या बँकेच्या परकीय चलन विभागात आहेत. काय आहेत, हे त्यांनी पाच वर्षांत कधी नीट सांगितलं नव्हतं, पण बोलण्यावरून डॉलर रोज सकाळी त्यांना विचारूनच बाहेर पडत असावा असं वाटायचं. माझा कागद त्यांनी दोन बोटांत धरला.

"पाईकराव, रुपयात मोजलंत? रुपयात प्रगती म्हणजे आपल्याच घरात आपणच आपला सत्कार. जगात डॉलर चालतो, डॉलर!"

खरं सांगतो, मला पटलं. आमच्या ऑफिसात एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आहे. त्यात देशोदेशीचं दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये दिलेलं असतं. वरती स्वित्झर्लंड वगैरे मंडळी, आणि पानं उलटत उलटत गेलं की खाली आपण. त्या रांगेत कुठेतरी सुप्रभात सोसायटी, गोडदेव, असं मला दिसायला लागलं. दुसऱ्याच दिवशी मी नोटीस बोर्डावर लावलं: "सव्वीस जानेवारी रोजी झेंडावंदनानंतर सुप्रभातच्या प्रगतीचे आंतरराष्ट्रीय मापाने दर्शन. सर्वांनी उपस्थित राहावे." खाली सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझी सही आणि शिक्का. इथे मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही सहीशिक्क्यानिशी.

डॉलरचा नव्वदचा भाव हवा होता. सदूभाऊ म्हणाले, "बँकेत या, लेखी घ्या. सगळं पक्कं हवं." अर्धी रजा टाकून गेलो. तिथे सदूभाऊ कुठे दिसेनात. काउंटरवरच्या साहेबांनी तीन प्रतींत अर्ज मागितला. "प्रयोजन" या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं: सुप्रभात सोसायटीची प्रगती. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "ही कंपनी आयात करते की निर्यात?" मी म्हणालो, "काहीच करत नाही." "मग डॉलर कशाला हवेत?" मी म्हणालो, "डॉलर नकोत, भाव हवा." ते म्हणाले, "भाव डॉलर घेणाऱ्याला मिळतो." अर्ज तिन्ही प्रतींसह परत आला. बाहेर पडताना सदूभाऊ दिसले. दोन्ही हातांत भलीमोठी रजिस्टरं घेऊन एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे चालले होते. त्यांनी मला पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही असं केलं. माणसाची इज्जत असते.

भाव शेवटी घरातच सापडला. पंचशीला मांडणीवर डब्यांखाली वर्तमानपत्र अंथरते आणि ते वर्षानुवर्षं बदलत नाही. हळदीच्या डब्याखाली नव्वदच्या जानेवारीचा पेपर होता. पिवळ्या डागाच्या कडेला लिहिलेलं होतं, एक डॉलर, साधारण सतरा रुपये. सतराशे भागिले सतरा. बरोब्बर शंभर! बिल्डिंगमध्ये बातमी पसरली की आपण नव्वदमध्ये शंभर डॉलरचे होतो. लोक एकमेकांकडे जरा आदराने बघायला लागले. संघूने प्लायवूडवर लाल ऑइलपेंटने पहिला खांब रंगवला. एका डॉलरला एक सेंटिमीटर, म्हणजे शंभर सेंटिमीटर उंच.

वीस जानेवारीला सदूभाऊ आजचा भाव घेऊन आले. सव्वीस रुपये.

दोन हजार दोनशे दहा भागिले सव्वीस. मी विजेच्या बिलामागे गणित केलं. पंच्याऐंशी आलं. पुन्हा केलं. पंच्याऐंशी. आबांना करायला दिलं, त्यांनी बोटांवर करून, रेडिओ बंद करून, मोठ्याने सांगितलं, "पंच्याऐंशी!" आणि ते मात्र खरंच मीरा रोडपर्यंत गेलं असावं.

शंभराचे पंच्याऐंशी. दोन वर्षांत घरामागे मिळकत पाचशे दहा रुपयांनी वाढली होती आणि तरी आम्ही पंधरा डॉलरने खाली आलो होतो. मी सदूभाऊंकडे बघितलं.

"असं कसं झालं?"

"जुलैमध्ये रुपया पाडला ना सरकारने," सदूभाऊ म्हणाले. "एकदम वीस-एकवीसवरून पंचवीस-सव्वीसवर."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्ही सांख्यिकीत आहात, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं हो! पेपरात वाचलं होतं. पण पेपरातला रुपया तो वेगळा आणि आपल्या खिशातला वेगळा, असंच आपण धरून चालतो ना? रुपया पडला त्या दिवशी गोडदेवमध्ये एक पानसुद्धा हललं नव्हतं. मी सकाळी त्याच पैशांत तेच दूध आणलं होतं.

आता पंच्याऐंशीचा खांब आजींना दाखवायचा, म्हणजे बबनच्या हातात चावी आपणहून ठेवायची. सदूभाऊंनी तोड काढली. "दोन्ही वर्षांना जुनाच भाव लावा. सतराने भागा. एकशे तीस येतात. तांत्रिकदृष्ट्या चालतं." तीस टक्के वाढ, झकास. मी हो म्हणालो.

संघूच्या हातात ब्रश होता. तिने विचारलं, "पप्पा, हे खरं आहे का?"

"हे तांत्रिक आहे," मी म्हणालो.

तिने एकशे तीसचा खांब रंगवला. आणि पुढचे पाच-सहा दिवस माझ्याशी फक्त "हो" आणि "नाही" एवढंच बोलली. ते मला फार लागलं. ज्या पोरीसाठी मी हा सगळा उद्योग केला, तीच माझ्याकडे बघेना.

सव्वीस जानेवारी उजाडली. झेंडा वर गेला, जिलेबी वाटून झाली. बोर्ड बंद शटरसमोर उभा होता, त्यावर विमलाबाईंची फुलाफुलांची चादर. पुढे खुर्चीवर द्वारकाआजी, शेजारी रामनाथशेठ आणि त्यांचा मुलगा धर्मेश. आणि बबन. बबन टेप घेऊन शटरची रुंदी मोजत होता.

"बबन, अजून काही ठरलं नाही," मी म्हणालो.

"मोजून ठेवतोय फक्त काका," तो अदबीने म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण त्या टेपचा आवाज माझ्या काळजाला घरं पाडत होता.

मी चादर ओढली. शंभर आणि एकशे तीस. टाळ्या पडल्या. विमलाबाई म्हणाल्या, "बाई गं, एवढे वाढलो आपण!" मी दोन वाक्यं बोललो, तिसऱ्याला सुरुवात केली आणि तेवढ्यात धर्मेशने हात वर केला.

धर्मेशला पुढच्या शिक्षणाला अमेरिकेला जायचं होतं. पासपोर्ट काढून तयार होता, आणि डॉलरचा भाव त्याला रोज तोंडपाठ असायचा. त्याच्या मनगटावर कॅल्क्युलेटरचं घड्याळ होतं.

"अंकल, एक मिनिट. डॉलर तो अभी छब्बीस का है ना? बावीसशे दहा डिव्हायडेड बाय..." त्याने नखाने बारीक बटणं दाबली. "एटी फाइव्ह. अंकल, ये तो कम हो गया!"

आणि मग जो काय गोंधळ उडाला! "म्हणजे आपण गरीब झालो?" "शंभर होते ना, पंधरा गेले कुठे?" "सेक्रेटरीला विचारा!" विमलाबाई तर चवताळल्याच. "मला काय ते माहीत नाही, माझे पंधरा डॉलर मला पाहिजेत!" आयुष्यात त्यांनी डॉलर पाहिलेला नव्हता, पण पंधरा हरवले म्हटल्यावर ते त्यांचेच झाले होते. कुणीतरी म्हणालं, "सरकारी माणूस आहे, त्याला आतून सगळं ठाऊक असणार." तिथल्या तिथे तीन जणांची चौकशी समितीसुद्धा नेमली गेली. आणि समितीचे अध्यक्ष कोण? सदूभाऊ तांबे!

मी संघूकडे बघितलं. ती खांबाशी उभी होती, मान खाली. वाटलं, धरणी दुभंगावी. पण गोडदेवची जमीन दलदलीची असली तरी वेळेवर दुभंगत नाही. मग मी सरळ बोललो.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "आजच्या भावाने पंच्याऐंशीच येतात. ते बरं दिसेना म्हणून मी जुन्या भावाने एकशे तीस दाखवले. पण कुणाचेही पंधरा डॉलर गेलेले नाहीत. कुणाचा पगार कमी झालेला नाही. मोजायची पट्टीच मधल्यामध्ये बदलली."

आजींनी काठी टेकली.

"मंग परक्याची पट्टी घेतलीस कशाला?"

बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"मना डालर-बिलर न्हाय कलत," आजी म्हणाल्या. "तवा सतराशे मिलत व्हतं, त्यात तांदूल किती यायचं? आता किती येतं? येवढं सांग."

"ज्वारी!" मागून आबा ओरडले. त्यांना नेमकं हे बरोबर ऐकू आलं. "माणूस ज्वारीवर जगतो. ज्वारीत मोजा!" विमलाबाई म्हणाल्या, मोजायचं तर बोंबलात मोजा, तेव्हा कळेल महागाई काय ती. सदूभाऊ सोनं म्हणाले. बोंबलात मोजलं तर आपण बुडालेलोच निघतो यावर बायकांचं एकमत झालं. एवढ्यात काठी पुन्हा आपटली.

"शेत तांदलाचं व्हतं," आजी म्हणाल्या. विषय संपला.

आता नव्वदच्या जानेवारीतला तांदळाचा भाव कुठून आणायचा? मी मनातल्या मनात तीन प्रतींतला अर्ज लिहायला घेतला होता. पण पंचशीला पुढे आली आणि घडाघडा म्हणाली, "सहा रुपये किलो होता. कोलम नव्हे, आपला रोजचा. आज साडेसात." ज्या बाईची डाळ मी उडवून लावली होती, तिच्या डोक्यात माझ्या ऑफिसातल्या सगळ्या कपाटांपेक्षा नीट माहिती लावलेली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली की एवढं पुरतं.

संघूने खडू घेतला आणि थेट शटरवर गणित मांडलं. सतराशे भागिले सहा, दोनशे त्र्याऐंशी किलो. बावीसशे दहा भागिले साडेसात, दोनशे चौऱ्याण्णव आणि थोडं वर. वजाबाकी तिने मोठ्याने वाचली. "एका घरामागे महिन्याला अकरा किलो वाढले."

"अकराच?" कुणीतरी म्हणालं.

हो, अकराच. शंभराचे एकशेचार झाले होते. एकाच सकाळी सुप्रभात सोसायटी एकशेतीसवर गेली, पंच्याऐंशीवर आपटली आणि एकशेचारवर येऊन बसली. आमच्या ऑफिसात एवढ्याला तीन वर्षं लागतात. लोकांचे चेहरे उतरले. बबनने टेप पुन्हा बाहेर काढली.

पण आजी शटरकडे बघत होत्या. "घरं किती?"

"चोवीस, आजी," संघू म्हणाली.

"मंग समद्यांचं मिलून कर. वर्साचं कर. आन मनात सांग मना. किलो मना कलत न्हाय." मण म्हणजे चाळीस किलो, हे संघूला आबांनी शिकवलेलं होतं. खडू चालायला लागला. अकरा गुणिले चोवीस, दोनशे चौसष्ट. गुणिले बारा, तीन हजार एकशे अडुसष्ट. भागिले चाळीस.

"एकोणऐंशी मण, आजी."

"सगलं मिलून एकोणऐंशी?"

"नाही आजी. सगळं तर कितीतरी जास्त आहे. हे नुसतं वाढलेलं. दोन वर्षांत वाढलं तेवढंच."

आजी रामनाथशेठकडे वळल्या. "रामनाथ, आपलं शेत किती द्यायचं रं?"

"चांगलं साल असलं त तीस मन, आये," रामनाथशेठ म्हणाले. त्यांचा आवाज जरा निराळा येत होता. "तुझ्या आन बाच्या हातानं. बत्तीस एकदा झालेलं."

"खारं पानी शिरलं त तेवढंबी न्हाय," आजी म्हणाल्या. "तीस मनात आमी नव मानसं खायचो." त्या खुर्चीवरून उठल्या, हळूहळू शटरपाशी आल्या आणि खडूच्या एकोणऐंशीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. "म्हंजे शेत अजून पिकतंय," त्या म्हणाल्या. आम्हाला नाही, स्वतःलाच.

मला रडू आलं. लपवत नाही. इतकी वर्षं आकडे बघितले, पण आकडा बघून कुणाचा चेहरा असा निवलेला मी पाहिला नव्हता. पंचशीलेने पदर डोळ्यांना लावला आणि आबांनी विचारलं, "काय झालं? ज्वारी ठरली का?"

आजींनी कमरेची चावी सोडवली. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी माझे हात बाजूला सारले आणि चावी संघूच्या तळहातावर ठेवली. "तुज्या बापाकं नको. तो डालरमधी हरवंल."

शटर उघडलं. आत पाच वर्षांची धूळ आणि एक मेलेली पाल होती. आजींनी उंबऱ्यातून आत बघितलं आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "हितं बांध व्हता." बबनने टेप गुंडाळून खिशात घातली आणि झाडू आणायला गेला. त्याची धाकटी बहीण पण दहावीला होती, हे मला तेव्हा कळलं. पार्लर त्याने पुढे स्टेशनजवळ काढलं, आणि आमच्या अभ्यासिकेला त्याने दिलेला पंखा अजून चालतोय. आवाज करतो, पण चालतोय.

चौकशी समितीचं काम मात्र थांबलं नाही. सदूभाऊंनी दोन बैठका घेतल्या, दोन्ही आमच्याच घरी, माझ्याच चहावर. अहवाल अजून यायचा आहे. विमलाबाई मधूनमधून जिन्यात गाठून "माझ्या पंधराचं काय झालं?" विचारतात. मी म्हणतो, "दिल्लीला लिहिलंय."

संघू त्या दिवशी संध्याकाळी माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलली. म्हणाली, "पप्पा, तुम्ही सगळ्यांसमोर चूक कबूल केलीत ते मला आवडलं." मी म्हणालो, "ते तांत्रिक होतं." ती हसली आणि पुस्तकं उचलून खाली गेली. वर आबांचा रेडिओ सुरू झाला, आणि मला तो पहिल्यांदाच सुसह्य वाटला.

जूनमध्ये निकाल लागला. आठांतली सात मुलं पास झाली, आणि संघूला एकाहत्तर टक्के पडले. पाईकरावांच्या घरात दहावी पास होणारी पहिली मुलगी. पेढे घेऊन आम्ही बापलेक आधी म्हात्र्यांकडे गेलो. आजी ओट्यावर तांदूळच निवडत होत्या.

"एकाहत्तर टक्के पडले, आजी!" मी म्हणालो. माझी छाती पुन्हा फुगली होती, सवयच ती.

आजींनी पेढा हातात धरला, संघूला खालून वर बघितलं आणि विचारलं, "म्हंजे तांदूल किती?"

मी, सांख्यिकी कार्यालयातला वरिष्ठ लिपिक, तोंड उघडून उभा राहिलो. टक्क्याला किलो लावायचं कोष्टक आमच्याकडे नाही.

संघू त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली आणि सुपातले खडे वेचायला लागली. "आजी," ती म्हणाली, "आत्ता कुठं लावणी झालीय. कापणीला वेळ आहे."

आजींनी मान हलवली. त्यांना ते एकदम पटलं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मंग बाला, आता तू पान्याचं बघ."